डोंगराची पायवाट कुणाची? शर्यतवाल्यांची, वनखात्याची की गावाची?

अकोले : पावसाळा तोंडावर आला की आपल्या तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात दोन गोष्टी हमखास येतात. पहिली म्हणजे शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, नाशिकहून येणाऱ्या गाड्यांची रांग. दुसरी म्हणजे धबधबे, गड आणि धरणाच्या कडेला जायला बंदी घालणारे आदेश. आता यात तिसरी गोष्ट मिसळू लागली आहे, डोंगरात पळण्याच्या शर्यती. इंग्रजीत याला ट्रेल रनिंग म्हणतात. डांबरी रस्ता सोडून पायवाटेनं, चढ-उतारानं, दगडधोंड्यांतून पळायचं. पुणे आणि साताऱ्याकडं हे चांगलंच रुळलंय. सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन गड जोडून पन्नास किलोमीटरच्या वरची शर्यत होते. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटातली अर्धमॅरेथॉन २०१२ पासून भरते. ती रस्त्यावरची आहे, पण डोंगरातलीच. हे वारं आता आपल्याकडंही सरकतंय. छोटी पिशवी पाठीला लावून एकटेदुकटे पळणारे कळसूबाईच्या वाटेवर दिसायला लागलेत. आज एकटे येतात, उद्या तीनशे जण छातीवर नंबर लावून येतील.

हे चांगलं की वाईट, यावर पारावर दोन तट पडतात. एक म्हणतो, येऊ द्या, चार पैसे मिळतील. दुसरा म्हणतो, नको ती गर्दी, बंद करा. माझ्या मते खरा प्रश्न या दोन्हींच्या आधीचा आहे. ज्या वाटेवर शर्यत होणार किंवा जी वाट बंद होणार, ती वाट कुणाची? तिच्यावर काय व्हावं हे कोण ठरवणार? आज ते आयोजक ठरवतो, वनखातं ठरवतं, जिल्हाधिकारी ठरवतात. ज्या गावानं ती वाट पिढ्यान्‌पिढ्या वापरून जिवंत ठेवली त्या गावाची ग्रामसभा मात्र या चित्रात कुठंच नसते. कायद्यात तिला जागा आहे, तरीही नसते.

वाट आधी, अभयारण्य नंतर

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच. दुसऱ्या टोकाला हरिश्चंद्रगड, मधे रतनगड, अलंग-मदन-कुलंग, घाटघर, साम्रदची सांदण दरी. बारी, जहागीरदारवाडी, रतनवाडी, साम्रद, पाचनई, कुमशेत ही गावं त्याच डोंगरांच्या कुशीत आणि पायथ्याला. यातल्या एकाही गावाला १९८६ साली कुणी नवी वाट काढून दिली नाही. वाटा आधीपासून होत्या. कळसूबाईच्या दर्शनाची वाट, नवरात्रातल्या जत्रेची वाट, हिरडा गोळा करायला जायची वाट, गुरं माळावर न्यायची वाट, कोकणात उतरायची वाट, लेक दिल्या गावाला जायची वाट.

घाटवाटांचं मोल आपल्या भागाला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळातला तिथला लेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही बघायला मिळतो. म्हणजे वाट ही मालमत्ता आहे, तिच्यावरून जाणाऱ्यानं काही द्यावं आणि त्या बदल्यात वाट राखली जावी, ही कल्पना नवी नाही. वाट राखणारा कोण आणि घेणारा कोण, एवढंच बदलत आलंय.

शेतकऱ्याला वाटेचा हक्क वेगळा शिकवावा लागत नाही. बांधावरचा रस्ता अडवला की आपण तहसीलदारांकडं धावतो. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा आहे, त्यातलं कलम ५ अडवलेल्या वाटेसाठीच. जमीन महसूल संहितेतलं कलम १४३ बांधावरून नवा रस्ता मागण्यासाठी. गावनकाशात पायवाट तुटक रेषेनं दाखवलेली असते आणि त्या रेषेवरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. शिवारातल्या वाटेसाठी एवढे जागरूक असलेले आपण डोंगरातल्या वाटेबाबत मात्र गप्प असतो. कारण तिथं सातबारा आपला नाही, असं आपल्याला वाटतं.

कायदा नेमकं काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात कुणीही उठून जाऊ शकत नाही. कामावरचा सरकारी नोकर, परवाना घेतलेला माणूस, आत ज्याची स्थावर मालमत्ता किंवा तिच्यावर हक्क आहे तो आणि त्याचे कुटुंबीय, आणि सार्वजनिक रस्त्यानं जाणारा, एवढ्यांनाच मोकळीक आहे. बाकीच्यांना कलम २८ चा परवाना लागतो. तो कशासाठी मिळतो त्याची यादीच कायद्यात आहे. वन्यजीवांचा अभ्यास, फोटो काढणं, संशोधन, पर्यटन, आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार; २०२२ च्या दुरुस्तीनंतर काही अटींवर चित्रीकरणही. या यादीत शर्यत नाही. म्हणजे तीनशे लोकांची वेळ लावलेली स्पर्धा आणि फोटो काढत चालणारं चौघांचं कुटुंब, दोन्ही एकाच 'पर्यटन' या शब्दाखाली बसवावी लागतात. दोघांचा डोंगरावरचा भार एकसारखा नसतो, हे सांगायला वकील नको.

वनखात्याशिवाय आणखी दोन दारं आहेत. एक पर्यटन संचालनालयाचं. राज्य सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्याप्रमाणे डोंगरावर, पाण्यात किंवा हवेत असले उपक्रम करणाऱ्या संस्थांनी नोंदणी करायची, प्रशिक्षित माणसं, सुरक्षेचं साहित्य आणि विमा ठेवायचा. दुसरं दार जिल्हाधिकाऱ्यांचं. जुलै २०२४ पासून जुन्या कलम १४४ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आलंय. पावसाळी पर्यटनावरचे मनाईहुकूम त्याच प्रकारचे असतात. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यानंतर असे हुकूम आणखी कडक झाले. जीव वाचवायला असा हुकूम लागतोच. पण तो पर्यटकासाठी काढलेला असतो आणि त्याचा फटका कधी कधी गावालाही बसतो. धबधब्याकडची वाट बंद म्हटल्यावर त्याच वाटेनं खाचराला जाणाऱ्या बाईनं काय करायचं, हे हुकमात लिहिलेलं असतंच असं नाही.

आता गावाच्या बाजूचा कायदा बघा. वनहक्क कायदा २००६ चा. तो अभयारण्यालाही लागू आहे. गुरं चारणं, वनोपज गोळा करणं, निस्तार आणि परंपरेनं चालत आलेले इतर हक्क त्यात सामूहिक हक्क म्हणून मागता येतात. आपल्या सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्कही त्यात आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३३ मध्ये तर २०२२ साली स्पष्ट लिहिलं गेलं की अभयारण्य अनुसूचित क्षेत्रात असेल किंवा वनहक्क कायदा तिथं लागू असेल, तर अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा संबंधित ग्रामसभेशी रीतसर सल्लामसलत करून बनवायचा. आपल्या तालुक्याचा आदिवासी पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. म्हणजे दोन्ही अटी आपल्याला लागू. कोणती वाट पर्यटकांना खुली, कोणती बंद, किती माणसं, कोणत्या महिन्यात, हे सगळं त्या आराखड्याचेच विषय आहेत.

तुमच्या ग्रामसभेत हा आराखडा कधी वाचून दाखवला गेला का? ज्या गावातले वाचक हे वाचतायत त्यांनी ग्रामसेवकाला हा एक प्रश्न जरूर विचारावा.

वाट झिजते कशी

पळणारे म्हणतात, आम्ही हलके, आमच्या पायानं काय होणार? त्यांचं अर्धं खरं आहे. तंबू ठोकणारा, शेकोटी पेटवणारा, बाटल्या टाकणारा पर्यटक जास्त घाण करतो. पळणारे बहुतेक जण कचरा परत नेतात. पण पावसाळ्यातली पायवाट हा वेगळा मामला आहे आणि तो शेतकऱ्याला पटकन कळेल.

ओल्या मातीवर खूप पावलं पडली की माती दाबली जाते, पाणी मुरत नाही. वाट थोडी खोल होते. मग पाऊस त्याच खोलगट जागेतून वाहायला लागतो आणि वाटेचा ओघळ होतो. ओघळात चिखल, म्हणून पुढचा माणूस कडेच्या गवतावरून जातो. गवताची मुळं तुटतात, वाट रुंद होते. दोन-तीन पावसाळ्यांत हातभर वाटेचा गाडीरस्त्याएवढा पट्टा होतो, खालचा कातळ उघडा पडतो आणि वरची माती कुणाच्या तरी खाचरात येऊन बसते. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात मोठ्या पावसाच्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसाखाली उघडी माती किती दिवस टिकेल? त्यात पळणाऱ्यांची एक खास सवय म्हणजे उतारावर वळण सोडून सरळ खाली उतरणं. वेळ वाचतो, पण तीच सरळ रेषा पुढं नाला बनते.

याला उपाय आहेत आणि ते आपल्याला येतात. आपण खाचराला बांध घालतो, सांडवा ठेवतो, उतारावर आडवे चर काढतो. वाटेवरही तेच. दर काही पावलांवर वाटेला तिरका दगड लावून पाणी कडेला काढून द्यायचं, सरळ उतरणाऱ्या चोरवाटा काट्यांनी बंद करायच्या, वळणं जपायची, चिखलाच्या जागी दगडी फरसबंदी करायची. कुणी मोठा इंजिनिअर लागत नाही. मजुरी मात्र लागते, दरवर्षी लागते. ती कोण देणार, हा मुद्दा पुढं येतोच.

काजव्यांचे दिवस आणि रात्रीचे दिवे

आपल्याकडं वर्षातला एक काळ तर फारच नाजूक आहे. मेच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे येतात. झाडच्या झाड लुकलुकतं ते उगीच नाही. नर काजवा प्रकाशानं मादीला बोलावतो, मादी प्रकाशानंच उत्तर देते. गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलच्या बॅटऱ्या, डोक्याला लावलेले दिवे यांत त्यांची ही खूण हरवते. काजव्याची अंडी आणि अळ्या ओल्या मातीत, पालापाचोळ्यात असतात. म्हणजे वाट सोडून चाललेलं पाऊल पुढच्या वर्षीचे काजवे तुडवतं.

लांब पल्ल्याच्या डोंगर-शर्यती पहाटे अंधारात सुरू होतात, काही तर रात्रभर चालतात. प्रत्येकाच्या कपाळावर दिवा. हे नोव्हेंबर-डिसेंबरात झालं तर नुकसान कमी. भात काढून झालेलं असतं, वाट कोरडी असते, गावातल्या पोरांना काम नसतं. तेच मेअखेरीला किंवा जुलैत झालं तर काजवेही जातात, वाटही जाते आणि ऐन आवणीत गावाची माणसंही त्यात अडकतात. शर्यतीला सरसकट हो किंवा सरसकट नाही म्हणण्यापेक्षा महिना ठरवणं हा जास्त शहाणपणाचा निर्णय आहे. आणि तो महिना गावाइतका नेमका दुसरं कुणी सांगू शकत नाही.

माणूस अडकला तर धावतो कोण

चीनमधल्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरची डोंगर-शर्यत होती. पळायला निघाले १७२ जण. दुपारी हवा फिरली. गारा, गोठवणारा पाऊस, सुसाट वारा. बहुतेकांच्या अंगावर बनियनसारखा शर्ट आणि हाफ पॅन्ट. जाड जाकीट सक्तीचं नव्हतं. सगळ्यात अवघड चढ असलेल्या टप्प्यात गाडी पोचत नव्हती आणि मदतीची सोय नव्हती. थंडीनं गारठून २१ जण मेले. त्यात देशातले नावाजलेले धावपटू होते. त्यानंतर चीन सरकारनं अशा शर्यतींवर बंदी आणली.

यातली आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. त्या दिवशी सहा जणांचे जीव वाचवले ते एका मेंढपाळानं. तो मेंढरं चारायला गेला होता. वादळ आल्यावर तो आपल्या नेहमीच्या गुहेत शिरला. तिथं त्यानं आधीच सरपण आणि पांघरूण ठेवलेलं होतं. बाहेर माणसं पडलेली दिसली तशी त्यानं एकेकाला आत आणलं, जाळ केला, कपडे सुकवले. आयोजकाकडं शर्यतीचा नकाशा होता, पण आसरा कुठं आहे हे माहीत होतं ते मेंढपाळाला.

आपल्याकडं बर्फ नाही पण धुकं आहे, वारा आहे, शेवाळलेला कातळ आहे, लोखंडी शिड्या आहेत, एका तासात चढणारा ओढा आहे. हरिश्चंद्रगडावर, सांदण दरीत कुणी अडकलं की रात्री-अपरात्री पहिला फोन गावातल्याच पोराला येतो. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरसारखं स्वयंसेवकांचं जाळं राज्यात आहे आणि त्यांचं काम मोठं आहे. पण ते पोचेपर्यंत दोर, बॅटरी आणि झोळी घेऊन जातो तो गावकरी. त्याला ना विमा, ना प्रशिक्षण, ना मजुरी. पायवाट वनखात्याची, शर्यत आयोजकाची, आणि जखमी खाली आणायची जबाबदारी गावाची, ही वाटणी बरोबर नाही.

कासनं काय केलं

साताऱ्याच्या कास पठाराचं उदाहरण आपल्या सोयीचं आहे, कारण तिथं गर्दीचा त्रास आपल्या आधी झाला. पश्चिम घाटाच्या ३९ जागांची २०१२ साली जागतिक वारसा म्हणून नोंद झाली, त्यात कास आहे. फुलांच्या दिवसांत झुंबड उडायला लागली. तेव्हा दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आली, ऑनलाइन नोंदणी आली, शुल्क आलं. आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या वनखात्याबरोबर ते काम बघतात. वाटेवर उभी राहून माणसांना फुलांतून बाहेर काढणारी पोरं-पोरी त्याच गावांतली.

कासनं सगळं बरोबर केलं असं नाही. पठाराला जाळीचं कुंपण घातलं गेलं, गुरं आत जायची थांबली. मग फुलं कमी होऊन गवतच वाढतंय, अशी तक्रार स्थानिकांनी लावून धरली आणि अखेर कुंपण काढावं लागलं. यातून दोन धडे मिळतात. गर्दीवर आकडा ठरवला की डोंगर आणि रोजगार दोन्ही टिकू शकतात, हा पहिला. आणि जपायचं म्हणून गावाचं पाऊल व गावाचं गुरूच बाहेर काढलं तर जपणूकच बिघडते, हा दुसरा.

पैसा येतो, पण कुठं थांबतो

शर्यतीचा हिशोब समजा म्हणून मांडू. समजा तीनशे जण आले आणि प्रत्येकी दोन हजार रुपये शुल्क. जमा झाले सहा लाख. त्यातून टी-शर्ट, पदकं, पाणी, डॉक्टर, रुग्णवाहिका, परवाने, जाहिरात. गावात काय आलं? नाश्त्याचं काम, पंधरा-वीस पोरांना दिवसाची मजुरी, काही घरांना मुक्कामाचे पैसे. ज्याचं घर रस्त्याला त्याला मिळालं, वरच्या वाडीला काहीच नाही. पण वाट मात्र वरच्या वाडीची झिजली. प्रत्येक धावपटूमागं फक्त शंभर रुपये वाटेच्या देखभालीसाठी ग्रामसभेच्या खात्यात आले तर तीस हजार होतात. दगड लावायला, पाणी काढायला आठ-दहा माणसांची आठवडाभराची मजुरी निघते. धावपटूला शंभर रुपये जड नाहीत, हे त्याच्या बुटाकडं बघितलं तरी कळतं.

आणखी एक कमाई आहे तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ती म्हणजे आपली पोरं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत डोंगरातल्या पाड्यावरून निघाली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. माणच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. आपल्या वाड्यांवरच्या पोरी रोज शाळेसाठी जेवढा चढ-उतार करतात तेवढा शहरातला धावपटू आठवड्यात करत नाही. मग आपल्या डोंगरात शर्यत असेल तर गावच्या पोरापोरींना मोफत प्रवेश आणि बूट का मिळू नयेत? त्यांनी फक्त पाण्याच्या टेबलावर उभं राहून टाळ्या वाजवायच्या का?

नोंद नसलेली वाट उद्या राहत नाही

इंग्लंडमध्ये १९३२ साली किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मँचेस्टरकडच्या कामगार तरुणांनी बंदी झुगारून सामूहिक चढाई केली. डोंगर जमीनदारांचा होता, शिकारीसाठी राखलेला होता. पाच तरुणांना तुरुंगवास झाला. पुढं १९४९ साली तिथं कायदा आला आणि स्थानिक परिषदांना आपल्या हद्दीतल्या हक्काच्या पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. १९५१ साली तोच डोंगर पहिल्या राष्ट्रीय उद्यानात आला. आजही तिथं पायवाटेचा वाद निघाला की आधी नकाशा उघडतात. वाट नकाशात असेल तर ती बंद करणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

आपल्याकडं उलटं चाललंय. आपल्या वाटा सरकारी कागदावर पुसट आहेत, पण पळणाऱ्यांच्या मोबाइल ॲपमध्ये ठळक आहेत. कोण कुठून किती वेळात चढला याची रेघ त्यात उमटते आणि कुणीतरी परगावचा माणूस त्या वाटेला मनाला येईल ते नाव देतो. दहा वर्षांनी वाटेवरून तंटा झाला तर पुरावा त्याच्याकडं असेल, आपल्याकडं आजोबांची आठवण.

शिवारातल्या रस्त्यांसाठी सरकारनं २०२५ मध्ये निर्णय केला की शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद करायचे आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत घ्यायची. चांगलं झालं. डोंगरातल्या वाटेसाठी तसंच काम वनहक्काच्या दाव्यातून करता येतं. सामूहिक हक्कासाठी नमुना ब, सामूहिक वनसंपत्तीसाठी नमुना क. ज्या गावांचे दावे व्हायचेत त्यांनी नकाशात वाटा दाखवाव्यात. ज्यांना हक्क मिळालेत त्यांनी आपल्या व्यवस्थापन आराखड्यात त्या लिहाव्यात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढं स्वतःचा बांबू स्वतः विकला. तिथं बांबू होता, आपल्याकडं वाट आहे. दोन्हीकडं प्रश्न एकच, ठरवणार कोण.

दोन्ही बाजूंचं म्हणणं

वनखात्याची अडचण मी समजू शकतो. अभयारण्य मोठं, वनरक्षक मोजके, रविवारी गर्दी हजारोंत. एक अपघात झाला की आधी चौकशी त्यांची. त्यामुळं सरळ बंदी त्यांना सोपी वाटते. पण बंदीनं माणूस थांबत नाही, तो रात्री चोरवाटेनं जातो. नाक्यावर नोंद होत नाही आणि अडकला तर कुठं अडकला तेही कळत नाही. खुली आणि मोजलेली वाट ही बंद आणि चोरट्या वाटेपेक्षा सुरक्षित असते.

पळणाऱ्यांचं म्हणणं, डोंगर सगळ्यांचा आहे. मान्य. पण सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही असं होऊ नये. गावातली बाई सरपणाचा भारा घेऊन अरुंद वाटेनं खाली येत असेल आणि वरून घड्याळ लावून पन्नास जण सुटले असतील तर बाजूला कुणी व्हायचं? माझ्या मते पळणाऱ्यानं. त्याचा विक्रम दोन मिनिटांनी हुकेल, तिचा पाय मोडला तर घर बसेल.

आणि आपल्या गावकऱ्यांनाही दोन शब्द. सगळा दोष बाहेरच्यांना देऊन भागणार नाही. पार्किंगवरून आपसात होणारी भांडणं, वाटेच्या तोंडाला साचणारा प्लॅस्टिकचा ढीग, एकाच पर्यटकाकडून तीन जागी मागितलेले पैसे, हे आपल्यातलेच काही जण करतात. त्यानं गावाची बाजू लंगडी होते. पावती फाडायची तर एकाच ठिकाणी, ग्रामसभेच्या किंवा समितीच्या नावानं, आणि हिशोब फलकावर.

ग्रामसभेत काय ठराव करता येईल

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल तर एवढे मुद्दे पुरेत. वनहक्काच्या विषयावर ठराव असेल तर निम्मी हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात, हे ध्यानात ठेवा. नाहीतर ठराव कच्चा राहतो.

१. गावातल्या सगळ्या डोंगरवाटांची यादी करायची. वाटेचं आपलं जुनं नाव, कुठून कुठं जाते, कशासाठी वापरतात. दोन जाणत्या माणसांबरोबर दोन तरुण पाठवायचे आणि मोबाइलवर वाटेची रेघ नोंदवायची.

२. प्रत्येक वाटेचा प्रकार ठरवायचा. गावापुरती, पर्यटकांना खुली, आणि काही महिने विश्रांतीची. देवाची वाट, पाणवठ्याची वाट आणि गुरांची वाट यांवर शर्यत नको.

३. शर्यतीसाठी महिना, माणसांचा जास्तीत जास्त आकडा आणि रात्री पळायचं की नाही हे ठरवायचं. काजव्यांचा काळ आणि आवणीचा काळ वगळायचा.

४. आयोजकाकडून आधी लेखी हमी घ्यायची. पर्यटन संचालनालयाची नोंदणी, वनखात्याचा परवाना, मालकीच्या रानातून वाट असेल तर त्या शेतकऱ्याची संमती, डॉक्टर, रुग्णवाहिका, आणि मदतीला थांबणाऱ्या गावच्या पोरांचा विमा व मजुरी.

५. वाटेच्या देखभालीचा वाटा ग्रामसभेच्या खात्यात शर्यतीच्या आधी जमा. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी गाव आणि आयोजक मिळून वाट बघणार, मोडतोड झाली असेल तर खर्च आयोजकाचा.

६. मनाईहुकूम निघताना रहिवाशांची शेती, गुरं, वनोपज आणि देवदर्शन यांना सूट असल्याचं त्यात स्पष्ट लिहावं, अशी मागणी तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडं करायची.

७. अभयारण्याच्या व्यवस्थापन आराखड्याची मराठी प्रत वन्यजीव विभागाकडं लेखी मागायची. मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज.

यातली पहिली गोष्ट करायला कुणाची परवानगी लागत नाही, पैसाही लागत नाही. खिशातला मोबाइल आणि एक सुट्टीचा दिवस पुरतो. पाऊस लागण्याआधी, आवणीची धांदल सुरू होण्याआधी, निदान एवढं तरी प्रत्येक गावानं करून ठेवावं. आयोजक येईल तेव्हा त्याच्या हातात नकाशा असेल, साहेब येतील तेव्हा त्यांच्या हातात हुकूम असेल. त्या वेळी आपल्या हातातही कागद पाहिजे.

तुमच्या गावात अशी कोणती वाट बंद झाली असेल, अडवली असेल किंवा गर्दीनं मोडली असेल तर तिचं नाव, गाव आणि फोटो आम्हाला पाठवा. तालुक्यातल्या वाटांची माहिती याच पानावर क्रमानं देण्याचा विचार आहे.